आखाजीच्या आधी पैसे भरा म्हणणारं औषध

पत्र चोपडा तालुक्यातल्या एका गावातून आलंय. लिहिणाऱ्या ताईंचं वय ४६. मुलगा २१ वर्षांचा, जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून दिवेलागणीनंतर तो ठेचकाळायचा. घरच्यांनी धांदरट म्हणून सोडून दिलं. गेल्या पावसाळ्यात रातची लाईट आली म्हणून मोटर चालू करायला मळ्यात गेला आणि चारीत पडून हात मोडून घेतला. त्यानंतर तपासण्या झाल्या आणि जळगावच्या डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी, हा डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार असल्याचं निदान केलं. ‘आज यावर इलाज नाही. जनुकीय तपासणी करून घ्या आणि वर्षाला एकदा दाखवत राहा,’ असं ते म्हणाले. मग मोबाइलवर एका मोठ्या शहरातल्या केंद्राची जाहिरात दिसली. दोन्ही डोळ्यांत स्टेम सेलची (मूळ पेशींची) तीन-तीन इंजेक्शनं, खर्च ४ लाख ८० हजार, ‘संशोधन सुरू आहे, जागा थोड्याच उरल्यात’, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पैसे भरले तर ६० हजारांची सूट. ताईंचे यजमान केळीच्या मळ्यातले २० गुंठे विकायला निघालेत, दीर अडून बसलेत. सासूबाई ताईंच्या सख्ख्या आत्याही आहेत. त्या म्हणतात, ‘हे तुझ्याकडून आलं.’ त्यातच, बोभाटा व्हायच्या आत मुलाचं लग्न त्याच्या मामाच्या मुलीशी उरकावं, अशीही बोलणी चालू आहेत. ताई विचारतात: ‘जमीन विकावी का? नाही विकली आणि उद्या त्याचे डोळे गेले, तर त्याला कोणतं तोंड दाखवू?’

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापाशीच मी थांबले. त्यात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात. जमीन विकली तर डोळे वाचतील, नाही विकली तर जातील. या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. ज्यांना पैसे हवेत, त्यांनी सांगितलं.

मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलाचे डोळे ज्यांनी पाहिलेत त्यांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर धरा. पण ‘संशोधन’ या शब्दाचा तुमच्या घरात जो घोळ झालाय, तो मी नक्की सोडवू शकते. त्यासाठी तुम्हाला जळगावच्या केळी संशोधन केंद्रापर्यंत नेते.

नवं वाण आलं की तिथे काय करतात? आधी आपल्याच प्रक्षेत्रावर लावून बघतात. शेजारच्या वाफ्यात जुनं, माहितीतलं वाण लावतात, म्हणजे फरक कळतो. पुढे एखाद्या शेतकऱ्याच्या रानात प्रात्यक्षिक घ्यायचं ठरलं, तर ते त्याच्याकडून पैसे घेत नाहीत, उलट रोपं देतात. कारण जोखीम तो घेतोय आणि त्याच्या रानातून शिकायचंय त्यांना. आता कोणी तुमच्या बांधावर येऊन म्हणालं, ‘हे वाण अजून तपासतोय, घड लागेल की नाही माहीत नाही, पण गुंठ्याला इतके हजार द्या आणि आखाजीच्या आधी द्या,’ तर तुमचे यजमान त्याला चहा तरी पाजतील का?

औषधाची चाचणी अशीच असते. ती एक प्रश्न विचारत असते. पहिल्या टप्प्यात थोड्याच माणसांवर बघतात की हे टोचलं तर अपाय तर होत नाही ना. उपयोग होतो का, हा प्रश्न खऱ्या अर्थानं पुढच्या टप्प्यांत येतो, आणि तिथेही शेजारचा वाफा लागतोच: काहींना औषध, काहींना नाही. डोळ्यांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत सहसा एकाच डोळ्याला औषध देतात, तेही कमी दिसणाऱ्या. बिघडलंच तर चांगला डोळा हाताशी राहावा म्हणून. तुमच्या जाहिरातीत पहिल्याच खेपेला दोन्ही डोळे आहेत. मला सगळ्यात जास्त धडकी भरली ती इथे. पैशांचं नंतर.

धडकी का भरली, तेही सांगते. अमेरिकेत फ्लोरिडात तीन बायका होत्या, ७२ ते ८८ वयाच्या. त्यांना आरपी नव्हता, म्हातारपणी पडद्याचा मधला भाग झिजतो तो आजार होता. एका क्लिनिकनं त्यांच्याच पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी डोळ्यांत टोचल्या, दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी, प्रत्येकीकडून ५ हजार डॉलर घेऊन. काही दिवसांत-आठवड्यांतच पडदे सुटले, रक्तस्राव झाला आणि आधी जेवढं दिसत होतं तेही बहुतेक गेलं. २०१७ साली हे प्रकरण डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं. पुन्हा वाचावी अशी ओळ पुढची आहे: ते काम अमेरिकेच्या सरकारी चाचण्यांच्या यादीत ‘संशोधन’ म्हणून नोंदलेलं होतं.

म्हणजे नोंद आहे एवढ्यानं भागत नाही. पण नोंदच नसेल तर पुढचं बोलणंही नको. आपल्याकडे चाचण्यांची नोंदवही, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, आहे. ती आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, चालवते. २००७ साली सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची आहे. नोंद कोणालाही फुकट वाचता येते. मुलाला बसवा आणि त्याच्याच मोबाइलवर शोधायला लावा. बी.एस्सी.चा पोरगा आहे, त्याला हे आपल्यापेक्षा बरं समजेल. मग त्या केंद्राला फोन करून सरळ विचारा: तुमचा नोंदणी क्रमांक काय? कोणत्या नैतिकता समितीनं (एथिक्स कमिटीनं) परवानगी दिली? टप्पा कितवा? मला इजा झाली तर खर्च कोणाचा? आपल्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात, भरपाईही द्यावी लागते, आणि भाग घेणारा कधीही ‘नको’ म्हणून बाहेर पडू शकतो. खरी चाचणी करणारा माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. त्याच्याकडे छापील माहितीपत्रक असतं, मराठीत मागितलं तरी मिळतं. समोरच्यानं फोन ठेवून दिला, तर तेच उत्तर समजा.

स्टेम सेलबद्दल आयसीएमआरनं २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहून ठेवलंय: रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करायचं. दरपत्रक लावून विकायचं नाही. लोक फसतात ते एका खऱ्या गोष्टीमुळे. डोळ्याच्या पुढच्या काचेचं, कॉर्नियाचं, काही प्रकारचं नुकसान स्टेम सेलनं खरंच भरून काढता येतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत हे काम वर्षानुवर्षं चाललंय. जाहिरातवाले त्याचेच फोटो दाखवून मागच्या पडद्याचं औषध विकतात. पडद्याची गोष्ट निराळी आहे. तिथल्या पेशींना मेंदूकडे जाणाऱ्या तारांशी जोडून घ्यावं लागतं. टिश्यू कल्चरचं रोप जगलं म्हणजे घड लागला, असं तुम्ही तरी म्हणाल का?

आणखी एक तोटा आहे, जो कोणी सांगत नाही. उद्या खरी चाचणी सुरू झाली आणि तुमचा मुलगा तिच्यात बसत असला, तर पहिल्यांदा विचारतील: ‘आधी डोळ्यात काही टोचून घेतलंय का?’ पुष्कळ चाचण्या अशा माणसाला घेतच नाहीत, कारण मग कशाचा परिणाम कशामुळे हे कळत नाही. म्हणजे २० गुंठे विकून तुम्ही कदाचित खरा दरवाजा स्वतःच्या हातानं लावून घ्याल.

खरा दरवाजा आहे, म्हणून हे सांगतेय. नाहीतर मी ‘देवावर हवाला ठेवा’ म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते.

आरपीत पडद्यावरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. आधी अंधारात बघणाऱ्या, म्हणून रातांधळेपण. मग कडेची नजर आत येत जाते, नळीतून बघावं तशी. मधली नजर पुष्कळदा बरीच वर्षं टिकते. हे एका जनुकाचं काम नाही. ८० हून जास्त जनुकांतला कोणताही बिघाड आरपी करू शकतो. त्यातल्या एका जनुकासाठी, आरपीई-६५, औषध निघालं. डोळ्याच्या पडद्याखाली चांगल्या जनुकाची प्रत नेऊन सोडायची, यालाच जीन थेरपी म्हणतात. नाव लक्सटर्ना, अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. तिसऱ्या टप्प्यात ३१ जण होते: २१ जणांना औषध, १० जणांना वर्षभर थांबवलं. आणि मोजलं काय, तर अडथळ्यांच्या वाटेवरून चालता येतं का, अगदी अंधाऱ्या रात्रीसारख्या १ लक्सपासून ४०० लक्सपर्यंतच्या उजेडात. तुमच्या मुलाची मोटर चालू करायची वाट म्हणा ना! औषध मिळालेले बहुतेक जण वर्षभरानं पूर्वीपेक्षा कमी उजेडात चालू लागले. दोन्ही डोळ्यांची किंमत मात्र साडेआठ लाख डॉलर लावली, आणि औषध चालतं ते फक्त त्याच जनुकाचा बिघाड असलेल्यांना, तेही पडद्यावर पुरेशा पेशी जिवंत असतील तर.

सगळेच इतके नशीबवान ठरत नाहीत. २०२१ साली जीन थेरपीच्या दोन मोठ्या चाचण्या, एक आरपीच्या एक्स-लिंक्ड (एक्स गुणसूत्रावरून, आईकडून मुलाला येणाऱ्या) प्रकारासाठी आणि दुसरी कोरॉइडरेमिया नावाच्या भाऊबंद आजारासाठी, ठरवलेल्या मुख्य कसोटीला उतरल्या नाहीत. पैसा, नामांकित डॉक्टर, सगळं असूनही. त्याच साली एका आंधळ्या झालेल्या ५८ वर्षांच्या आरपीच्या रुग्णाला, डोळ्यातल्या दुसऱ्या पेशींना प्रकाश ओळखायला शिकवून आणि खास चष्मा लावून, टेबलावरची वही हाताला लागण्याइतकं दिसू लागल्याचं प्रसिद्ध झालं. मला या दोन्ही बातम्या सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. ज्याला फक्त दुसरीच दाखवली जाते, तो जमीन विकतो.

या सगळ्यात घुसायची पहिली किल्ली तुमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तुमच्या हातात दिली होती: जनुकीय तपासणी. कोणतं जनुक बिघडलंय हे कागदावर आल्याशिवाय तुमचा मुलगा ठरावीक जनुकासाठीच्या कोणत्याच जीन थेरपीच्या चाचणीसाठी उमेदवारही होत नाही. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद, चेन्नईची शंकर नेत्रालय, मदुराईची अरविंद यांच्याकडे वंशपरंपरागत पडद्याच्या आजारांचे तज्ज्ञ आहेत. खर्च काही हजारांत, त्यासाठी २० गुंठे लागत नाहीत. जाताना जळगावचे सगळे कागद न्या, विशेषतः नजरेच्या आवाक्याचा नकाशा आणि पडद्याचा स्कॅन. आणि अहवाल आला की समुपदेशन मागून घ्या, नुसता कागद घेऊन परतू नका. तोवर अ-जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या कोणी सुचवल्या तर नको म्हणा. १९९३ च्या एका अभ्यासानं त्यांना वजन आलं खरं, पण पुढे त्यावर शंका निघाल्या, आणि पडद्याच्या काही आजारांत, जसं की स्टारगार्ट, त्या उलट नुकसान करू शकतात. गाजर खाऊ द्या, त्याला काही हरकत नाही.

‘इलाज नाही’ म्हणजे डॉक्टरांकडे जायचंच नाही, असंही धरू नका. आरपी असलेल्यांना मोतीबिंदू लवकर येतो, मधल्या पडद्याला सूज येते. या दोन्हींवर उपचार आहेत. घरातल्यांना वाटतं आजारच वाढला, आणि ते दाखवतच नाहीत. म्हणून ते वर्षाचं एकदाचं दाखवणं चुकवू नका.

आता आत्याबाईंकडे येते. हे मी तुम्हाला धीर द्यायला लिहीत नाही, सरळ हिशेब आहे. नात्यातल्या लग्नांत असे आजार बहुतेक वेळा रिसेसिव्ह प्रकारचे निघतात. त्यात जनुकाची बिघडलेली प्रत आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही याव्या लागतात. एकट्या आईकडून आली तर काही होत नाही. तुमच्या यजमानांना ती कोणाकडून मिळाली असेल? बहुधा त्यांच्या आईकडून. आणि त्यांच्या आई कोणत्या घरातून आल्या? तुमचे वडील ज्या घरातले, त्याच घरातून. ‘तुझ्याकडून आलं’ म्हणताना आत्याबाईंचं बोट त्यांच्याच माहेराकडे आहे. हे त्यांना रागानं ऐकवू नका. त्यांनाही ते ठाऊक असणं शक्य नव्हतं, आणि ज्यानं ते पहिल्यांदा आणलं त्या पूर्वजालाही नव्हतं. (एक्स-लिंक्ड निघाला तर मात्र तो फक्त आईकडून येतो, म्हणून अहवालाआधी घरात निकाल लावायचा नाही. तसा निघाला तरी तुम्ही काही चोरी केली असं होत नाही.)

आणि ते मामाच्या मुलीचं. ताई, तुम्ही हा मजकूर पत्रात दीड ओळीत उरकलाय, पण मला तो जमिनीपेक्षा मोठा वाटतो. प्रकार रिसेसिव्ह असेल तर तुमच्याकडे ती एक प्रत नक्की आहे. तुमच्या भावाकडे ती असण्याची शक्यता निम्मी, त्याच्या मुलीकडे पाव. ती मुलगी वाहक निघाली, म्हणजे तिच्याकडे ती एक प्रत सापडली, तर तुमच्या मुलापासून होणाऱ्या प्रत्येक बाळाला आरपी होण्याची शक्यता निम्मी. तपासणी न करता आज लग्न लावलं, तर गणित होतं आठात एक. नात्याबाहेर हा आकडा पुष्कळ खाली येतो. त्या मुलीची तपासणी झाली आणि ती वाहक नाही निघाली, तर दोघांना हवं असल्यास खुशाल लग्न करावं, या कारणानं अडवायचं काही नाही. पण ‘घरातलीच आहे, समजून घेईल’ असं म्हणताना, तिला समजून घ्यायला काही सांगितलंय का? तुमचं लग्न ठरलं तेव्हा तुम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कोणाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. बोभाट्याच्या आत लग्न उरकलं, तर बोभाटा लग्नानंतर होईल, आणि तेव्हा तो त्या पोरीच्या घरात होईल.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. यजमान काय म्हणतात, दीर काय म्हणतात, आत्या काय म्हणतात, सगळं आहे. मुलगा काय म्हणतो ते कुठेच नाही. एकच ओळ आहे, तुमच्या बोलीतली: ‘मन्हा पोऱ्याले रातले दिखत नही.’ तो २१ वर्षांचा आहे. इंजेक्शन घेणार तो, लग्न करणार तो, आणि कायद्यानं संमतीपत्रावर सही करणारही तोच, तुम्ही नाही. मला शंका आहे की तो हे सगळं तुमच्याही आधीपासून जाणून आहे. रात्री मित्रांबरोबर बाहेर न जाण्याची कारणं त्यानं कितीदा रचली असतील! त्याला विचारा. तो ‘नको’ म्हणाला तर ते वाक्य दिरांच्या आणि यजमानांच्या भांडणापेक्षा वर ठेवा. तो ‘हवंच’ म्हणाला, तर त्याच्या हातात वरचे प्रश्न द्या आणि फोन त्यालाच करू द्या.

काही कामं आजपासून करता येतील, तीही त्याच्याबरोबर बसून. रात्री गाडी चालवणं बंद. खरं तर नजरेचा आवाका पाहून डॉक्टर दिवसाचंही काय ते सांगतील. अपंगत्वाचं प्रमाणपत्र: पुष्कळ जण म्हणतात, ‘तक्ता वाचता येतो, मग कसलं अपंगत्व?’ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नुसता तक्ता नाही, नजरेचा आवाकाही मोजतात. तो ४० अंशांच्या आत आला की अल्पदृष्टी धरली जाते, १० अंशांच्या आत आला की अंधत्व. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. सरकारी नोकरीत असताना नजर गेली तर नुसत्या त्या कारणानं काढून टाकता येत नाही. म्हणून त्याला पदवी पूर्ण करू द्या, घरी बसवू नका. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं फोनमधलं टॉकबॅक आणि संगणकावरचं एनव्हीडीए, दोन्ही फुकट आहेत. नजर चांगली असतानाच शिकून ठेवली तर पुढे जड जात नाहीत. पांढरी काठी हा शब्द आत्ता उच्चारला तर तो उठून जाईल, तेव्हा तो विषय त्याच्यावर सोडा.

माझे एक आबा होते अमळनेरला, किराणा दुकान चालवायचे. त्यांना काय झालं होतं याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, ‘आबांना रातचं दिसत नाही’ एवढंच. दिवस मावळला की ते गल्ल्यावरून हलायचे नाहीत, आणि कोणत्या खणात जिरं, कोणत्यात मोहरी, हे हातानं सांगायचे. आम्ही पोरं त्यांची परीक्षा घ्यायला डबे बदलून ठेवायचो. आज आठवलं की लाज वाटते.

यजमानांशी बोलताना, ‘तुम्ही फसताय’ असं म्हणू नका. मुलासाठी जमीन विकायला निघालेला बाप आहे, त्याला हे वाक्य लागेल आणि मग तो हट्टानं विकेल. त्यांना वाण आणि वाफ्याचं सांगा, आणि म्हणा की तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबू. सूट जाईल म्हणाले तर जाऊ द्या. ज्या औषधाला आखाजीची सूट लागते, ते पुढच्या आखाजीलाही मिळेल.

तोवर मळ्यातल्या मोटरला मोबाइल स्टार्टर बसवून घ्या. आजूबाजूच्या मळ्यांत एव्हाना कोणी ना कोणी बसवलाच असेल. रातची लाईट आली की घरात बसून फोनवरून मोटर सुरू होते, आणि कोणालाच चारीवरून जावं लागत नाही.